जुन्या वर्कस्टेशनचा प्रोसेसर बदलताय? या चुका टाळा

एचपी झेड ४२० हे २०१२ सालचं मशीन. ऑफिसांमधून निवृत्त होऊन ते सेकंडहँड बाजारात येतं आणि डीटीपीवाले, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, थ्रीडी शिकणारी मुलं ते घेतात. बहुतेक वेळा आत चार कोअरचा (एकाच वेळी काम करणाऱ्या चार भागांचा) इंटेलचा झिऑन ई५-१६२० प्रोसेसर असतो. आज त्याच सॉकेटचे (बोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेचे) सहा, आठ, दहा कोअरचे झिऑन तेव्हाच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त मिळतात, त्यामुळे हात शिवशिवतात. पण मी पाहिलेली फसलेली अपग्रेड्स स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच, म्हणजे चिप मागवतानाच, फसलेली होती.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे बूट ब्लॉकची (मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या कोडची) तारीख न पाहणं. या मशीनला ई५ मालिकेच्या दोन पिढ्या बसतात: २०१२ ची पहिली आणि २०१३ ची 'व्ही२'. दोन्हींचं सॉकेट एकच, एलजीए २०११ (हा सॉकेटचा नंबर, साल नव्हे). म्हणून 'बसतो म्हणजे चालतो' असं वाटतं. तसं नाही. मशीन सुरू होताना एफ१० दाबा, फाइल मेनूत सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि बूट ब्लॉक डेट वाचा. तिथे २०११ असेल तर त्या बोर्डवर व्ही२ चालणार नाही. २०१३ असेल तर चालेल. तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी अशी असते. ०३/०६/२०१३ म्हणजे ६ मार्च.

इथे हमखास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कर, होईल'. पण नेहमीच्या बायोस अपडेटने बूट ब्लॉक बदलत नाही. कितीही नवा बायोस टाकला तरी ती तारीख २०११ च राहते. असा बोर्ड असेल तर वाईट वाटून घेऊ नका, पहिल्या पिढीतला सहा कोअरचा ई५-१६५० किंवा आठ कोअरचा ई५-२६७० घ्या. आणि व्ही३ च्या वाटेला जाऊच नका. त्याचं सॉकेट २०११-३, त्याला डीडीआर४ रॅम लागते, तो या बोर्डवर बसतच नाही.

बोर्ड २०१३ चा असला तरी बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढायच्या आधीच करा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा आणि तो तात्पुरता थांबवा.

कोअरच्या आकड्याला भुलणं ही दुसरी चूक. ई५-२६९७ व्ही२ मध्ये बारा कोअर आहेत, पण मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे गरजेला गाठता येणारा कमाल वेग, ३.५. ब्लेंडरचा रेंडर त्यावर पळेल. ऑटोकॅड मात्र बरंचसं काम एकाच कोअरवर करतं, तिथे जुन्या १६२० पेक्षा फरक जाणवणार नाही, उलट किंचित मंदच वाटेल. मिश्र कामासाठी मी ई५-१६५० व्ही२ सुचवतो: सहा कोअर, ३.५ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.९. यातल्या कुठल्याच चिपमध्ये एव्हीएक्स२ (काही नव्या सॉफ्टवेअरला लागणारा सूचनासंच) नाही. तुमचं सॉफ्टवेअर ते मागत असेल तर पैसे वाचवा, पुढच्या पिढीचं मशीन घ्या.

विकत घेताना चिपच्या झाकणावरचा कोड वाचा. तो 'एसआर'ने सुरू व्हायला हवा. 'क्यू'ने सुरू होत असेल तर ती चाचणीसाठी काढलेली नमुना चिप; स्वस्त असली तरी नको.

आता प्रत्यक्ष बसवणं. या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, प्रोसेसरवर नाही. माझ्या हातून एकदा चिप कोपऱ्यावर निसटली आणि एक पिन वाकली. मशीन सुरू झालं, सगळं ठीक वाटलं, पण १६ जीबीऐवजी १२ जीबी रॅम दिसू लागली. दोन दिवस मी रॅमच बदलत बसलो. रॅम कमी दिसली की आधी सॉकेट तपासा, भिंगातून आणि तिरप्या उजेडात. लिव्हर दोन आहेत. त्यांच्याजवळच्या खुणा पाहून क्रमाने उघडा, बंद करताना तोच क्रम उलटा. चिपवरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा आणि चिप सरळ वरून ठेवा, सरकवू नका.

हीटसिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे) चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत, थोडे थोडे करत आवळा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला तर दाब असमान होतो आणि त्यानेही रॅम गायब होते. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढी पुरे. फॅनची वायर जोडली ना, ते बघा.

चालू केल्यावर स्क्रीन काळी राहिली तर घाबरून लगेच सगळं उघडू नका. पॉवर बटणाचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा, सोबत तितक्याच बीप येतात. दोन म्हणजे प्रोसेसर तापला, हीटसिंक किंवा फॅन पाहा. तीन म्हणजे प्रोसेसर सापडत नाही. चार, वीजपुरवठ्याची अडचण. पाच, रॅम. सहा, ग्राफिक्स कार्ड. पाच आले तर रॅमची एकच पट्टी ठेवून सुरू करा, मग एकेक वाढवा. तरीही जमलं नाही तर विजेची वायर काढून बोर्डवरचं सीमॉस (बायोसच्या सेटिंग्ज साठवणारी मेमरी) क्लिअर करायचं बटण दाबा. जुना प्रोसेसर तोवर जपून ठेवा. तो परत बसवून मशीन सुरू झालं, तर बोर्ड शाबूत आहे हे तिथेच कळतं.