हेल्मेटखाली केस चपटे होतात? भांग उलटा पाडा

हेल्मेट काढलं की टाळूवर केस चप्प आणि खाली नुसता गुंता.

१. केस पूर्ण वाळू द्या. ओले केस हेल्मेटखाली जसे दाबले जातात, तसेच वाळतात. मग कंगवाही हार मानतो.
२. निघताना भांग रोजच्या उलट बाजूला पाडा. पोचल्यावर नेहमीच्या बाजूला वळवा, दाबलेले केस मुळाशी उचलले जातात.
३. मानेपाशी सैल वेणी घालून टोक जॅकेटच्या आत खोचा.
४. डोक्याला सुती ओढणीऐवजी सॅटिनचा पातळ स्कार्फ बांधा, एकपदरीच. सुती कापडावर केस जास्त घासतात.

अंबाडा, क्लचर, मोठी पिन हेल्मेटखाली नकोच. हेल्मेट वर उचललेलं राहतं, आणि पडल्यास पिन डोक्यात रुतू शकते.