‘कुर्ली खंय गेली?’ : लहानग्यासाठी घरच्या घरी गोष्टीचं पुस्तक कसं करावं

भाचीच्या चौथ्या वाढदिवसाला मी एक पुस्तक ऑनलाइन मागवलं होतं. ‘तुमच्या मुलाच्या नावाचं पुस्तक’ म्हणून मिळतं ते. नाव, फोटो, केसांचा रंग भरून दिला आणि आठ दिवसांत पार्सल मालवणला आलं. कागद गुळगुळीत, रंग छान. पण गोष्टीतली मुलगी लोकरी टोपी घालून बर्फातून चाललेली, आणि तिच्या नावातलं जोडाक्षर छापताना फुटलेलं, मधोमध पाय मोडलेला र एकटाच उभा. भाचीने दोन पानं उलटली आणि विचारलं, ‘ह्यां चेडू कोणाचां?’ (ही मुलगी कुणाची?)

मग आम्ही दोघींनी घरीच एक पुस्तक केलं. खर्च शंभर रुपयांच्या आत आला, वेळ मात्र दोन आठवडे गेला. ते कसं केलं ते सांगते. मूल तीन ते सहा वर्षांचं असेल तर तुम्हालाही जमेल, चित्रकला येत नसली तरी.

आधी आठवडाभर नुसतं ऐका

कागद-कात्री लगेच काढू नका. मूल दिवसभर काय बोलतं ते एका वहीत, त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवा, सुधारून नाही. माझ्या वहीत आठवडाभरात बादलीतली कुर्ली (म्हणजे खेकडा), आजीची चूल, विहिरीवरचा पंप, उलथी घातलेली होडी, आजोबांची काळी छत्री आणि ‘खंय गेली?’ (कुठे गेली?) हा दिवसातून तीस वेळा विचारलेला प्रश्न जमा झाला. गोष्ट यातूनच आली. बादलीतून कुर्ली पळते आणि चिमी (हे भाचीचं घरातलं नाव) तिला घरभर शोधते.

ही युक्ती नवी नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर मुलांनाच विचारायच्या की आज तुला कुठला शब्द हवा, आणि तोच जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायच्या. आपल्याकडे तर याच किनाऱ्यावर, उत्तर कोकणातल्या बोर्डीत, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बालवाडी गावातल्या मुलांच्या अंगणात न्यायची आणि साधनं आसपास मिळतील त्यांतूनच करायची, ही त्यांची आणि अनुताई वाघांची रीत होती. शिंपले, बिया, गोटे आपल्या दारातही आहेत.

गोष्ट बेताची ठेवा

काहीतरी हरवतं, ते शोधतात, सापडतं. एवढं कथानक पुरतं. प्रत्येक पानावर एक नवी जागा आणि तेच एक पालुपद. आमचं असं झालं:

पडवीत बघितलं. कुर्ली खंय गेली?
चुलीकडे बघितलं. कुर्ली खंय गेली?
होडीखाली बघितलं. कुर्ली खंय गेली?

पालुपद फार महत्त्वाचं. तिसऱ्या पानापर्यंत मूल ते तुमच्या आधी म्हणायला लागतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्या ओळीवर बोट ठेवतं.

शेवट मुलालाच ठरवू द्या. मी आपली शहाणपणाने लिहीत होते की कुर्ली छत्रीत सापडली आणि चिमीने तिला खाडीत सोडून दिलं. भाचीने मान हलवली. ‘नाय. आजयेन सार केल्यान.’ म्हणजे आजीने तिचं सार केलं. पुस्तकात तोच शेवट आहे.

मालवणी लिहायची की प्रमाण मराठी?

यावर घरात वाद झाला. आईचं म्हणणं, ‘पुस्तकात खंय-बियं लिहिलंस तर शाळेत तसंच लिहील ती.’ माझं मत वेगळं आहे. माणसं बोलतात ती वाक्यं घरच्या बोलीत असावीत आणि मधली सांगणारी वाक्यं साध्या मराठीत. मुलाला दोन्ही कळतात, आणि ‘कुठे’ आणि ‘खंय’ एकच आहेत हे त्याला तिथल्या तिथेच उमगतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय. गुहागर-दापोलीकडची बोली वेगळी, वसईची वेगळी. तुमच्या घरात जी असेल ती घ्या.

नावाचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावरचं नाव मोठं आणि जोडाक्षरांचं असेल, तर पहिल्या पुस्तकात घरातलं नाव घाला. मुलांना स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर बाकीच्या अक्षरांच्या आधी ओळखू येतं, हे अभ्यासकांनी वेगवेगळ्या भाषांत पाहिलंय. तेव्हा ते अक्षर ठसठशीत दिसलं पाहिजे.

पानांचं गणित

चार ए-फोर कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा. सोळा पानं झाली. पहिल्या पानावर गोष्टीचं नाव, मग सात जोडपानं गोष्टीची, आणि सोळाव्यावर कोणी केलं, कधी केलं ते. आवरणाला वेगळा जाड कागद घ्या. जुन्या लग्नपत्रिकेचा चालतो.

गडबड होते ती छापताना, कारण कागद सुटा केला की पान एकच्या शेजारी दोन नसतं, सोळा असतं. म्हणून आधी कोऱ्या कागदांची छोटी कच्ची वही दुमडा, पेन्सिलीने एक ते सोळा आकडे टाका आणि मग उलगडून बघा. कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी सतरा येते: सोळा-एक, दोन-पंधरा, चौदा-तीन. कुठे सतरा आली नाही तर तिथे चुकलंय.

अक्षरं

इथे घाई करू नका. पानावर एक किंवा दोन वाक्यं, अक्षर साधारण एक सेंटीमीटर उंच, दोन शब्दांत भरपूर मोकळी जागा, आणि वेलांटी-रफारासाठी वर ऐसपैस जागा. मी काळ्या जाड स्केचपेनने हाताने लिहिलं, आणि ते बरंच झालं.

कारण फोन-कॉम्प्युटरवरच्या पुष्कळ फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण केलेल्या वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, आणि अंगणवाडीच्या भिंतीवर मूल तोच बघतं. घरच्या पुस्तकात दुसराच ल आला तर चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते वेगळंच अक्षर. टाइप करणार असाल तर आधी नुसतं ‘ल श ख’ टाइप करून बघा. ख तपासायचा तो अशासाठी की काही वळणांत तो ‘रव’ दिसतो, आणि ‘खंय’चं ‘रवंय’ होऊन बसतं. छापायला देताना फाइल पीडीएफ करून द्या. नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात. माझ्या विकतच्या पुस्तकाचं बहुधा असंच काहीतरी झालं असावं.

‘चिमी’ या नावात एक गंमत आहे. ‘चि’मधली वेलांटी लिहिताना च-च्या आधी येते, बोलताना नंतर. मूल बोट डावीकडून फिरवतं तेव्हा ते आधी दांडीवर येऊन थांबतं. थांबू द्या. समजावत बसू नका. ‘चि’ हे एक अख्खं चित्र म्हणून दाखवा. ‘कुर्ली’तल्या रफाराचंही तेच. आधी अख्खा शब्द ओळखीचा होऊ दे, फोड पुढे करता येईल.

चित्रं

फोनवर फोटो काढा, पण खाली बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. पडवीचा खांब, जांभ्याच्या चिऱ्यांची विहीर, माडाचं आळं त्याला खालून दिसतं तसं आलं पाहिजे. कुर्ली भाचीने लाल खडूने काढली, दहा पायांऐवजी सात पायांची. तीच कापून प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात अर्धी लपवून चिकटवली. वाचताना ती आधी तिलाच शोधते.

काहीच जमत नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावर मोकळ्या परवान्याची चित्रं आणि मराठी गोष्टी मिळतात. चित्रकाराचं नाव शेवटच्या पानावर द्या, परवान्याची ती अट आहे.

छपाई आणि शिवण, कोकणच्या हवेत

झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट मागा. घरच्या इंकजेटची शाई पावसाळ्यात ओल्या हाताने पुसली की पसरते, लेझरची पसरत नाही.

स्टेपलर वापरू नका. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात पिना गंजतात, मधल्या पानांवर तांबडे डाग पडतात, आणि लहान हातांना टोकं लागतात. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) हाही नको, तो ताणला की कागद कापतो. जाड सुती दोऱ्यावर मेणबत्ती घासा आणि घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा. मधल्या भोकातून सुई आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या आत सरळ खाली जाऊन खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. आत जो लांब टाका पडलाय त्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची दोन टोकं ठेवा आणि घट्ट गाठ मारा. आवरणाला शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं प्लॅस्टिक. कोपरे गोल कापा. झाकणाच्या डब्यात ठेवलंत तर बुरशी कमी धरते, पण मग मूल ते स्वतःहून काढत नाही. मी बाहेरच ठेवते. फाटलं तर दुसरं छापू.

वाचताना

बोट ओळीखालून फिरवा, शब्दागणिक. पालुपदाशी येऊन थांबा आणि त्याला बोलू द्या. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं होतं की नुसतं वाचून दाखवू नका. विचारा, मुलाला सांगू द्या, त्याच्या उत्तरात एखादा शब्द वाढवून परत द्या. महिनाभरात ती मुलं बोलण्यात बाकीच्यांच्या पुढे गेली. म्हणजे ‘होडी’ म्हटलं तर ‘हो, उलथी होडी’ म्हणायचं.

मूल पुस्तक उघडून घडाघडा पाठ म्हणतं, डोळे भलतीकडेच असतात, आणि आपल्याला वाटतं हे काही वाचन नव्हे. असू दे. ‘कुठे लिहिलंय दाखव’ म्हणून परीक्षा घेतलीत तर ते पुस्तक मिटून ठेवेल. त्याऐवजी एखाद्या दिवशी तुम्ही मुद्दाम चुकीचं वाचा. मी ‘बांगडो खंय गेलो?’ म्हटलं तर भाचीने माझं बोट धरून ‘कु’वर आणून ठेवलं.

विकतचं वैयक्तिक पुस्तक वाईटच असतं असं नाही. ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांनी अशा पुस्तकातल्या स्वतःशी जोडलेल्या भागातून नवे शब्द जास्त उचलले होते. घेणारच असाल तर ऑर्डर करण्याआधी नाव छापून कसं दिसेल ते पान मागून घ्या. मुलाचा फोटो आणि जन्मतारीख देताना जरा विचार करा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं म्हटलंय, आणि शाळेचं नाव वगैरे तर पुस्तकासाठी कुणालाही लागत नाही.

आमच्या पुस्तकाची एक प्रत मुंबईला गेली, भाचीच्या बाबांकडे. रात्री फोनवर ते वाचतात आणि ती इथे पान उलटते. ते कधीकधी एक पान मागे राहतात, मग तिचा ओरडा खातात.

मागच्या आठवड्यात मालवणच्या स्टँडवर उभ्या होतो. कणकवली आली, भाचीने बघितलंही नाही. मागून दुसरी एसटी वळली, पाटीवर ‘कुडाळ’. तिने माझा हात ओढला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘मावशे, कुर्ली इली!’