महागड्या शहरात एकट्याच्या पगारावर राहताय? बजेट करताना या चुका टाळा

पगार झाल्यावर पहिले दहा दिवस बरे जातात, मग आकडेमोड सुरू होते, आणि शेवटच्या आठवड्यात खात्यात खडखडाट. हे ज्यांच्या बाबतीत होतं ते सगळे उधळे असतात असं अजिबात नाही, बऱ्याच जणांनी बजेट केलेलं असतं, फोनमध्ये ॲप असतं, खर्च लिहून ठेवायची सवयही असते, तरी दर महिन्याला तेच रडगाणं. माझं तर ठाम मत आहे की यात माणसापेक्षा बजेट मांडायची पद्धत जास्त चुकलेली असते. आपण बजेट करतो एका नॉर्मल महिन्याचं, ज्यात काही बिघडत नाही, कोणाचं लग्न नसतं, दात दुखत नाही आणि घरमालक भाडं वाढवत नाही. असा महिना वर्षात एखादाच आला तर आला. म्हणून खाली ज्या चुका लिहिल्यात त्या काटकसर कमी पडते म्हणून होणाऱ्या नाहीत, हिशोब चुकीच्या जागी केल्यामुळे होणाऱ्या आहेत.

महिन्याचे चार आठवडे धरणं

ही चूक इतकी साधी आहे की कोणाच्या लक्षातच येत नाही. किराणा, प्रवास, बाहेरचं खाणं हे खर्च आपण आठवड्याच्या हिशोबाने विचारात घेतो आणि महिन्यासाठी त्याला चारने गुणतो. पण चार गुणिले बारा होतात ४८ आणि वर्षात आठवडे असतात ५२. म्हणजे वर्षातल्या चार आठवड्यांसाठी तुमच्या बजेटमध्ये एक पैसाही ठेवलेला नाही! समजा आठवड्याचा हा सगळा खर्च पगाराच्या ६ टक्के आहे, तर तुम्ही महिन्याला २४ टक्के धरता आणि प्रत्यक्षात जातात २६. दोन टक्क्यांनी काय होतं असं वाटेल, पण वर्षभरात ते जवळपास पाव पगाराएवढं होतं, आणि ते कुठे गेलं हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यामुळे आठवड्याच्या खर्चाला ५२ ने गुणून १२ ने भागा, किंवा सरळ ४.३३ ने गुणा, काम झालं.

वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाला "अचानक आला" म्हणणं

माझ्या मते सगळ्यात जास्त बजेटं इथेच कोलमडतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. विम्याचा हप्ता, घरी जायची तिकिटं, मित्राच्या लग्नाचा आहेर, चष्मा, डॉक्टर, फोनची स्क्रीन, भाडेकरार रिन्यू करायचा खर्च, घर बदललं तर सामान हलवायचा टेम्पो. यातलं एकही दर महिन्याला येत नाही पण वर्षात सगळं मिळून येतंच येतं, फक्त कोणत्या महिन्यात काय येईल ते माहीत नसतं. मग तो महिना आला की आपण म्हणतो या महिन्यात जरा जास्त झालं, पुढच्या महिन्यापासून नीट करू, आणि पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी हजर.

यावर उपाय असा की एक सुट्टीची दुपार काढून मागच्या १२ महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कार्डाची बिलं उघडा. जो खर्च दर महिन्याला होत नाही त्याच्यावर खूण करत जा, लहानमोठं सगळं. शेवटी बेरीज करा आणि १२ ने भागा. जो आकडा येईल तो बघून बहुतेकांना धक्का बसतो, पण तोच तुमच्या बजेटमधला हरवलेला रकाना आहे. तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, शक्यतो ज्या खात्याचं कार्ड खिशात नसतं अशा खात्यात, आणि विमा भरायची वेळ आली की तिथूनच भरा.

आता यात एक अडचण येते जी फारसं कोणी सांगत नाही. सुरुवातीला हे खातं रिकामं असतं आणि मोठा खर्च तीनच महिन्यांवर असतो. तेव्हा बाराने भागून चालत नाही, त्या एका खर्चाला तीनने भागा आणि पहिलं वर्ष थोडं ओढाताणीचं जाणार हे धरूनच चाला. दुसऱ्या वर्षापासून खूप हलकं वाटतं. नोकरीला नुकतेच लागला असाल आणि जुनी स्टेटमेंटच नसतील तर वर्षभराचं कॅलेंडर समोर ठेवून अंदाजे यादी करा, आकडे थोडे चुकले तरी हरकत नाही, रकाना असणं महत्त्वाचं.

फक्त भाडं बघून घर निवडणं

लांब राहिलं की भाडं कमी, हे खरं. पण तिथून रोजचा प्रवास, उशीर झाला की टॅक्सी, थकून घरी पोचल्यावर स्वयंपाकाची ताकद नसते म्हणून मागवलेलं जेवण, हे सगळं भाड्यात धरून मग दोन घरांची तुलना करा. कधी लांबचं घर खरंच स्वस्त पडतं, कधी दोन्ही सारखीच निघतात आणि वर रोजचे दोन तास गेलेले असतात. उलटंही होतं, ऑफिसजवळ राहायचं म्हणून निम्मा पगार भाड्यात घालवणारेही आहेत.

दुसरं म्हणजे एकटं राहणं मुळातच महाग असतं हे मान्य करा. इंटरनेटचं कनेक्शन, फ्रिज, दिवे, स्वयंपाकघर हे एकालाही लागतं आणि दोघांनाही तेवढंच. ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना) सारख्या संस्था वेगवेगळ्या आकाराच्या घरांचं उत्पन्न ताडून बघताना घरातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ धरतात, म्हणजे दोघांच्या घराला एकट्यापेक्षा दुप्पट नाही तर साधारण १.४ पट लागतं. त्यामुळे ऑफिसमधलं एखादं नवरा-बायको दोघं कमावणारं जोडपं किती वाचवतं याच्याशी स्वतःची तुलना करून खंतावू नका, तुमचं गणितच वेगळं आहे. आणि याच कारणासाठी रूममेट हा सगळ्यात मोठा उपाय आहे. भाड्यात तिसरा हिस्सा वाचला तर तेवढे पैसे एखाददुसरं सबस्क्रिप्शन बंद करून कधीच वाचत नाहीत. सगळ्यांना दुसऱ्यासोबत राहणं जमत नाही, ते ठीक आहे, पण मग एकटं राहायची किंमत आपण जाणूनबुजून मोजतोय हे बजेटमध्ये दिसू दे.

५०-३०-२० चा नियम तुम्ही ऐकला असेलच, गरजांना ५० टक्के, हौसेला ३०, बचतीला २०. महागड्या शहरात नुसतं भाडंच ४० टक्क्यांवर जातं तेव्हा हा नियम बसत नाही आणि लोक वैतागून बजेटच सोडून देतात. नियम सोडा, बजेट सोडू नका. ६५-२५-१० असेल तर तेही चालेल.

उरेल ते वाचवू

उरत नाही. पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑटो ट्रान्सफर लावा, इथपर्यंत सगळेच सांगतात. बिघडतं ते पुढे, म्हणजे जोशात येऊन थेट ३० टक्क्यांचं ट्रान्सफर लावलं जातं, वीस तारखेला पैसे कमी पडतात, बचतीतून परत काढले जातात आणि दोनतीन महिन्यांत आपल्याला हे जमत नाही असं डोक्यात पक्कं बसतं. ५ टक्क्यांनी सुरू करा, पण परत काढायची वेळ येणार नाही असे ५ टक्के. आणि पगारवाढ झाली की वाढलेल्या रकमेचा निम्मा भाग त्याच दिवशी ट्रान्सफरमध्ये घाला, खिशाला त्या पैशाची सवय लागायच्या आधी. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीत हेच करून पाहिलं होतं, कर्मचाऱ्यांकडून आधीच कबूल करून घ्यायचं की पुढच्या प्रत्येक पगारवाढीला बचतीचा टक्का वाढेल. २००४ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे त्यात भाग घेतलेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. कोणालाही हातातला पैसा सोडावा लागला नाही, म्हणून ते टिकलं.

कार्डाचं मिनिमम ड्यू भरून निश्चिंत होणं

हे वाचून झाल्यावर कृपया एकदा कागदावर करून बघा. क्रेडिट कार्डावर १०० थकलेत, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि तुम्ही दर महिन्याला फक्त ५ टक्के मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, भरता, नवीन खरेदी पूर्ण बंद. पहिल्या महिन्यात १०० चे १०३ होतात, तुम्ही ५.१५ भरता, राहतात ९७.८५. म्हणजे पाच गेले पण कर्ज फक्त दोनने कमी झालं. असंच चालू ठेवलं तर कर्ज निम्म्यावर यायला ३२ महिने लागतात. तोवर तुम्ही एकूण १२० च्या आसपास भरलेले असतात आणि तरी ५० बाकीच असतात! म्हणून कार्डाची थकबाकी असताना दुसरीकडे वर्षाला ७-८ टक्के देणारी गुंतवणूक करत बसण्यात काही अर्थ नाही. आधी एक महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी, मग सगळा जोर कार्डावर, मग बाकीचं.

कार्डाचा अजून एक घोळ म्हणजे या महिन्यातला खर्च पुढच्या महिन्यात कापला जातो, त्यामुळे चालू महिना उगाच स्वस्त वाटतो. खर्च ज्या दिवशी केला त्याच महिन्यात लिहा, बिल कधी येतं ते सोडून द्या. नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांचंही तेच, एकेक हप्ता छोटा दिसतो, म्हणून सगळे चालू हप्ते एका ओळीत लिहून त्यांची बेरीज बघा.

इमर्जन्सी फंडाचा आकडा पगारावरून काढणं

तीन ते सहा महिन्यांचा फंड म्हणतात तो खर्चाचा, पगाराचा नाही. नोकरी गेली तर भाडं, खाणं, वीज, हप्ते, विमा एवढंच भागवायचं असतं, आणि तो आकडा पगारापेक्षा बराच लहान निघतो, त्यामुळे धीर येतो. पण एकट्याच्या घरात दुसरा पगार आधाराला नसतो म्हणून मी तरी तीनवर न थांबता सहाकडे जायला सांगेन. पैसे एकदोन दिवसांत हातात येतील अशा ठिकाणी ठेवा, शेअर बाजारात नको. मात्र फंड पूर्ण झाल्यावर पुढची सगळी बचतही तिथेच साठवू नका, कारण ७२ ला वर्षाच्या महागाईच्या टक्क्याने भागलं की पैशाची किंमत किती वर्षांत निम्मी होईल ते साधारण कळतं, महागाई ६ टक्के असेल तर ७२ भागिले ६, म्हणजे साधारण १२ वर्षांत नुसत्या पडून असलेल्या पैशाची किंमत निम्मी होते.

सगळी मजा एकदम बंद करणं

दिवसभर काम करून लहानशा खोलीत एकट्याने परतणाऱ्या माणसाला संध्याकाळी कोणाशी तरी बोलावंसं वाटणारच, आणि शहरात भेटायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी पैसे लागतात. हा खर्च शून्यावर आणला तर दोन महिन्यांत माणूस कंटाळून एकाच वीकेंडला सगळं उडवतो. त्यापेक्षा या खर्चाला स्वतःचा रकाना द्या, आठवड्याची रक्कम ठरवा आणि ती अपराधी न वाटता खर्च करा. ग्रुपमध्ये बिल वाटून घेताना संकोच करू नका, या आठवड्यात जमणार नाही, माझ्याकडे भेटूया का, असं एकाने म्हटलं की बाकीच्यांनाही बरंच वाटतं असा माझा अनुभव आहे.

इतकं करूनही जमत नसेल तर

भाडं, प्रवास, हप्ते, साधं खाणं, घरी पाठवायचे पैसे, असे महिन्यातून टाळताच न येणारे खर्च बेरजेला घ्या आणि त्यात वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचा बारावा हिस्सा मिळवा. ही बेरीज पगाराच्या ८०-८५ टक्क्यांवर जात असेल तर कितीही बारीक हिशोब लिहिला तरी पैसे उरणार नाहीत आणि त्यासाठी स्वतःला दोष देण्याचंही कारण नाही. तिथे घर बदलणं, रूममेट घेणं, पगाराबद्दल बोलणं किंवा दुसरी नोकरी शोधणं यातलंच काहीतरी करावं लागतं. भाडेकरार संपायच्या दोनतीन महिने आधी ही बेरीज करा, म्हणजे घर शोधायला वेळ हातात राहील.