उकळलेली बाळाची बाटली पावसाळ्यात कशी ठेवायची? (बेळगाव-खानापूरकडच्या घरांसाठी)

बाटली उकळायची कशी हे घरात सगळेच सांगतात, पण उकळून झाल्यावर ती ठेवायची कुठं हे कुणी नीट सांगत नाही, आणि गडबड तिथंच होते बघा. चांगली १० मिनिटं उकळलेली बाटली ओट्यावर उघडी पालथी घातली आणि वरनं पदरानं पुसली तर सगळी मेहनत वाया. स्टरिलाइज केलेली बाटली कायम तशीच राहते असं नाही, हवा, हात, फडकं लागलं की जंतू परत बसायला लागतात.

आणि आमच्याकडचा पावसाळा तर माहीतच आहे. जून ते सप्टेंबर, त्यात जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका, लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, कपाटातल्या चामडी चप्पलवर बुरशी चढते. तीच बुरशी बाटलीच्या रिंगेत आणि निपलच्या आतल्या खाचेत पण चढते, त्यामुळं कोरड्या गावातलं वाचून तसंच इथं करायला गेलं तर जमत नाही.

उकळायचं थोडक्यात सांगते. बाटली, निपल, रिंग, झाकण सगळं सुटं करून आधी ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासायचं, दुधाचा थर राहिला तर उकळूनही उपयोग नाही. मग पाण्यात पूर्ण बुडवून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, खळखळ उकळी आल्यापासनं १० मिनिटं. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे म्हणून पाणी इथं १०० च्या जरा खालीच, ९७-९८ अंशाला उकळतं, पण त्यानं काही बिघडत नाही. ज्या चिमट्यानं बाटल्या काढायच्या तो चिमटा पण त्याच पातेल्यात टाका.

आता खरं काम. गॅस बंद केल्यावर लगेच लागणार नसेल तर झाकण न काढता पातेल्यातच राहू द्या, घाई कशाला. काढायच्या आधी हात साबणानं धुवा. बाहेर काढल्यावर नळाच्या पाण्यानं परत विसळायचं नाही, ही सवय खूप घरांत आहे आणि ती मोडायलाच पाहिजे, कारण नळाला रोज पाणी येत नाही तिथं आपण टाकीत, पिंपात साठवलेलं पाणी वापरतो आणि ते उकळलेल्या बाटलीत घातलं की झालं. पुसायचं तर अजिबातच नाही, धुतलेल्या सुती फडक्यानं पण नको.

इथं दोनच रस्ते आहेत. बाटली आज-उद्यात लागणार असेल तर पाणी झटकायचं, निपल कडेनं धरून रिंगेत बसवायचं (टोकाला बोट लावायचं नाही), वरचं झाकण घट्ट लावायचं आणि ती बंद बाटली फ्रिजमध्ये किंवा झाकणाच्या डब्यात ठेवायची. आत दोन-चार थेंब राहिले तरी चालतात, फक्त २४ तासांत वापरायची, नाहीतर परत उकळायची. पावसाळ्यात मी हाच रस्ता सांगेन. जास्त दिवस ठेवायच्या असतील तर सुटे भाग स्वच्छ रॅकवर किंवा कोऱ्या टिश्यू पेपरवर खडखडीत वाळू द्यायचे आणि मगच डब्यात, पण ओलसर बाटल्या डब्यात कोंबून आठवडाभर ठेवल्या तर उघडल्या उघडल्या कुबट वास येईल. आणि अशा ठेवणीतल्या बाटल्या वापरायच्या दिवशी परत उकळाच.

डबा स्टीलचा घट्ट झाकणाचा बरा, त्यात मुंगी-झुरळ शिरत नाही. तळाला वर्तमानपत्र घालू नका. डबा पण रोज गरम पाण्यानं धुऊन वाळवायचा, बाटली स्वच्छ आणि डबा चिकट असं नको. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर दारात नको, आतल्या बाजूला, आणि कच्च्या मटण-मासळीपासनं लांब, वरच्या कप्प्यात. लाईट गेली तरी झाकण बंद असेल तर रिकाम्या बाटलीचं काही बिघडत नाही, दूध भरलेली असेल तर मात्र वेगळं, ते जास्त वेळ बाहेरच्या हवेला आलं की टाकून द्यायचं.

जागा कुठली? सिंकजवळ नको, शिंतोडे उडतात. गॅसजवळ नको, फोडणीचं तेल बसतं. ट्यूबलाईटखालचं शेल्फ नको, तिथं पाल असतेच. आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी देतात, तिथं तर बाटली ठेवूच नका, राख-काजळी बसते (तो धूर बाळाच्या छातीला पण बरा नाही, हे सासूबाईंना प्रेमानं समजवा).

ज्यांच्याकडं वाटी-चमच्यानं पाजतात त्यांनाही हे सगळं लागू आहे बरं का. आशाताई आणि डॉक्टर वाटी-चमचाच सांगतात कारण त्याला खाचा नसतात आणि साफ करायला सोपं, बाटलीच्या जाहिरातीवर तर आपल्याकडं १९९२ च्या कायद्यानं बंदीच आहे. पण उकळलेली वाटी फळीवर उघडी पडली तर तिचाही काय उपयोग, तिला पण झाकणाचा डबा पाहिजेच.

कोल्हापूरला नाहीतर गोव्याला निघालात तर बाटल्या जोडून बंद करून वेगळ्या धुतलेल्या पिशवीत घाला. पावडर मोजून कोरड्या डबीत, उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये, आणि दूध लागेल तेव्हाच कालवायचं. पाणी ७० अंशाच्या खाली गेलेलं नको, पावडर स्वतः निर्जंतुक नसते, तिच्यातले जंतू गरम पाण्यानंच मरतात. मग बंद बाटली गार पाण्यात धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघूनच पाजायचं. उरलेलं दूध परत पुढच्या वेळेला द्यायचं नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर उकळल्यावर बाटलीवर पांढरा थर दिसतो, तो घाण नाही, क्षार आहे. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवून घासला की निघतो, मग परत धुऊन उकळायचं. निपल चिकट लागलं, रंग बदलला, चीर गेली किंवा भोक मोठं झालं तर उकळत बसू नका, सरळ बदला.