आरसी (रेडिओ कंट्रोल) विमानाला स्पिनर निवडताना आणि बसवताना: आधी बॅकप्लेट बघा, मग कोन

स्पिनर म्हणजे विमानाच्या नाकावर, प्रॉपच्या (प्रोपेलरच्या) मध्यावर बसतं ते टोपण. तो घ्यायला गेलं की सगळे आधी कोन, म्हणजे पुढची टोकदार टोपी बघतात, लाल चकचकीत दिसला की घेऊन मोकळे. पण खरं काम मागच्या चकतीचं असतं, म्हणजे बॅकप्लेटचं. ती शाफ्टवर (इंजिनच्या किंवा मोटरच्या फिरत्या दांड्यावर) बरोबर मध्यात आणि सपाट बसली तर साधा नायलॉनचा कोन पण एकदम सरळ फिरतो, आणि तीच तिरकी बसली तर महागातला अ‍ॅल्युमिनियमचा घेऊन सुद्धा विमानाचं नाक थरथरत राहणार. मी इथे दोन विमानं डोक्यात धरून लिहितोय, एक म्हणजे आपल्याकडे बरेच जण ज्याच्यावर शिकतात ते ए२२१२ या छोट्या इलेक्ट्रिक मोटरचं कोरोप्लास्ट (पोकळ प्लास्टिक शीट) किंवा डेप्रॉनचं (फोम शीटचं) विमान, आणि दुसरं ४६ साइझच्या (०.४६ घन इंच) ग्लो इंजिनचं, म्हणजे ग्लो प्लगवर चालणाऱ्या छोट्या इंजिनचं, बाल्सा लाकडाचं ट्रेनर (शिकाऊ विमान).

साइझ म्हणजे बॅकप्लेटचा व्यास. दुकानात तो कधी इंचात सांगतात कधी मिमीमध्ये, तर २ इंच म्हणजे ५१ मिमी, सव्वादोन म्हणजे ५७, अडीच म्हणजे ६४ आणि ३ इंच म्हणजे ७६. काऊल (इंजिन किंवा मोटरवरचं पुढचं कवच) असेल तर काऊलच्या पुढच्या रिंगचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि तेवढाच किंवा एक-दोन मिमी लहान घ्या, मोठा घेतलात तर कड बाहेर येते आणि ते फार वाईट दिसतं. ग्लो ट्रेनरला बहुतेक वेळा २ किंवा सव्वादोन इंच चालतो. मोठा स्पिनर लावला तर थ्रस्ट (प्रॉपची ओढ) कमी होईल का असं खूप जण विचारतात, तर १० इंची प्रॉपवर ५७ मिमीचा स्पिनर साधारण २२ टक्के व्यास झाकतो, आणि पात्याचा तो मधला भाग तसाही फारसं काही ओढत नाही, त्यामुळे त्याची काळजी नको. काळजी करायची ती हवेची. इलेक्ट्रिक विमानात काऊलच्या तोंडातून जी हवा आत जाते तिच्यावरच मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) थंड राहतात, मोठ्या स्पिनरने ते तोंड बंद केलंत तर आपल्या मे महिन्यात ईएससी मध्येच कट मारेल. आणि हवा आत घेतली तर मागे बाहेर जायला भोक हवं, ते आत येणाऱ्या भोकापेक्षा मोठं.

मटेरियलचं म्हणाल तर शिकाऊ विमानाला नायलॉन किंवा प्लास्टिक. नाकावर आपटणार आहेच, तेव्हा कोन फुटू दे, शाफ्ट वाचू दे. अ‍ॅल्युमिनियमचा स्पिनर सरळ फिरतो, इलेक्ट्रिक स्टार्टरचा रबर त्याला छान पकडतो, पण वजन जास्त. अर्थात हे वजन कधीकधी हवंच असतं, विमान टेल हेवी (शेपटीकडे जड) येत असेल तर नाकात शिसं चिकटवत बसण्यापेक्षा जड स्पिनर लावा, पुढच्या बाजूला सीजीपासून (विमानाचा तोल साधतो त्या बिंदूपासून) सगळ्यात लांब जागा तीच आहे ना. उलट विमान आधीच नोज हेवी असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या नादी लागूच नका. कार्बन फायबर दिसतो भारी आणि हलका पण असतो, मोठ्या पेट्रोल इंजिनच्या विमानांना ठीक आहे, ट्रेनरवर मला तरी उगाच खर्च वाटतो.

आता भोक. बॅकप्लेटचं भोक शाफ्टवर घट्ट सरकलं पाहिजे, खुळखुळ अजिबात नको. ४६ ग्लो इंजिनचा शाफ्ट पाव इंची असतो, आणि बऱ्याच प्लास्टिक स्पिनरबरोबर वेगवेगळ्या मापाच्या रिंगा येतात त्यातली बरोबर बसणारी घ्यायची. भोक लहान असेल तर रीमरने (भोक मध्य न हलवता मोठं करायच्या हत्याराने) मोठं करा, हातातल्या ड्रिलने नाही, ड्रिल हमखास एका बाजूला खेचतं आणि एकदा मध्य गेला की तो परत येत नाही. प्रॉपच्या भोकाचंही हेच. प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सरळ लेथवाल्याकडे जा, भोसरी-चाकणसारख्या ठिकाणी राहत असाल तर हे काम गल्लीत होऊन जाईल.

मग कोनची खाच, जिथून पाती बाहेर येतात ती. हे लोक बघतच नाहीत आणि सगळ्यात धोक्याचं हेच आहे. पातं कोनला कुठेही टेकता कामा नये, चारी बाजूंनी मिमी-दीड मिमी मोकळी जागा हवी. टेकत असेल तर फिरताना कोनची कड पात्याच्या मुळाशी घासत राहते, तिथे चर पडते आणि मग एखाद्या दिवशी पातं तिथूनच तुटतं. अशा वेळी कोन घासायचा, पातं कधीच नाही! गोल कानस किंवा ड्रेमेलने (घासायच्या छोट्या फिरत्या यंत्राने) खाच थोडी थोडी वाढवा, दोन्ही बाजूंनी सारखी, शेवटी बारीक पॉलिश पेपर मारून कोपरे गोल करा कारण धारदार कोपऱ्यातूनच कोनला तडा जातो. चर पडलेला प्रॉप मात्र फेकून द्या, फेविक्विकने काही होत नाही.

बसवायचा क्रम असा: इंजिनचा ड्राइव्ह वॉशर (शाफ्टवरची मागची चकती), त्यावर बॅकप्लेट, मग प्रॉप, वॉशर, नट, आणि सगळ्यात शेवटी कोन. प्रॉपवर जिकडे आकडे लिहिलेत ती बाजू पुढे. काही बॅकप्लेटना प्रॉप धरायला छोटे खुंट असतात, प्रॉपचा हब त्या खुंटांच्या मध्ये सपाट बसलाय ना ते बघा, खुंटावर चढलेला असेल तर नट कितीही आवळा, प्रॉप तिरकाच फिरणार. हाताने स्टार्ट करणार असाल तर इंजिन कॉम्प्रेशनवर (प्रॉप फिरवताना हाताला जोर लागतो तिथे) आणून प्रॉप घड्याळाच्या दहा आणि चारच्या रेषेत ठेवून मग आवळा, म्हणजे उजव्या हाताने फ्लिक मारायला सोपं जातं. नट पान्यानेच आवळायचा, पकडीने कडा गोल होतात. फोर स्ट्रोक असेल तर डबल नट लावाच, ती इंजिनं उलटा झटका देतात आणि एकटा नट सुटून प्रॉप उडू शकतो. कोनचे स्क्रू प्लास्टिकमध्ये असतील तर अंदाजाने हलकेच, जोर लावला की आटे गेलेच समजा. आणि लॉकटाइट (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा चिकट द्रव) फक्त धातूला धातू असेल तिथे, तेही निळं, एबीएस किंवा पॉलीकार्बोनेटला लागलं तर त्याला बारीक तडे जातात.

ए२२१२ वाल्यांसाठी वेगळं. तिथे बहुतेक वेळा प्रॉप धरायला शाफ्टला चिमटून बसणारा कोलेट अ‍ॅडॉप्टर असतो ज्याचा पुढचा नटच टोकदार स्पिनरसारखा दिसतो. मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमीचा, म्हणून कोलेटही ३.१७ चाच हवा, ४ चा कोलेट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि फुल थ्रॉटलला प्रॉपसकट पुढे निघून जातो. शाफ्ट थिनरने पुसून घ्या, तेलाचा अंश नको, कोलेट शेवटपर्यंत आत सरकवा, नटच्या आडव्या भोकात एल की घालून आवळा. ईएससीमध्ये ब्रेक ऑन असेल तर तो बंद करा, कारण नेहमीच्या दिशेने फिरताना थ्रॉटल दिला की नट आवळला जातो पण ब्रेक लागला की मोटर थांबते, प्रॉप स्वतःच्या झोकात पुढे जायला बघतो आणि नट सुटतो. फोल्डिंग प्रॉपला मात्र ब्रेक लागतोच, नाहीतर पाती मिटणार नाहीत, म्हणून तिथे चांगल्या पकडीचा स्पिनर घ्या. आणि पुशर (प्रॉप मागे असलेल्या) किंवा दोन मोटरच्या विमानात एखादी मोटर उलटी फिरवणार असाल तर तिला उलट्या आट्यांचा नट लागेल.

सगळं बसलं की बॅटरी काढून (ग्लो असेल तर प्लग काढून) प्रॉप हाताने फिरवा. पेनची रिफिल काऊलवर टेपने अशी लावा की टोक बॅकप्लेटच्या कडेला जेमतेम लागत नाहीये, आणि फटीकडे बघत राहा. कडेची फट सारखी पण कोनचं टोक गोल फिरतंय म्हणजे कोन प्लेटच्या खोबणीत नीट बसला नाही, काढून परत बसवा. कडच कमीजास्त होतेय म्हणजे भोक सैल आहे नाहीतर शाफ्ट वाकलाय, मग आधी प्रॉप आणि स्पिनर दोन्ही काढून नुसता शाफ्ट बघा. काऊल आणि बॅकप्लेटमध्ये दीड ते तीन मिमी फट ठेवा, इंजिन रबर माउंटवर असेल तर जास्त. राइट थ्रस्ट दिला असेल (इंजिन थोडं उजवीकडे वळवून बसवलं असेल) आणि इंजिन बरोबर मध्यात बसवलं असेल तर स्पिनर एका बाजूला सरकलेला दिसणारच, २ अंशाला ७५ मिमी पुढे साधारण अडीच मिमी सरकतो, त्यात स्पिनरचा काही दोष नाही, माउंट तेवढं डावीकडे घ्यावं लागतं.

बॅलन्स करताना आधी नुसता प्रॉप, मग स्पिनर लावून. एका बाजूला एक ग्रॅम जास्त असेल, मध्यापासून २५ मिमीवर, तर १०,००० आरपीएमला तो जवळपास २.८ किलोची ओढ देतो आणि ती ओढ सेकंदाला साधारण १६७ फेऱ्या मारते. त्यात सर्व्होचे गिअर, रिसीव्हरचे कनेक्टर, टाकीचे पाइप सगळं हळूहळू खिळखिळं होतं. प्रॉपच्या हलक्या पात्याला सेलोटेप किंवा नेलपॉलिश, कोनच्या आतल्या हलक्या बाजूला थोडं अ‍ॅराल्डाइट, झालं.

पहिल्यांदा चालवताना प्रॉपच्या रेषेत बाजूला कोणी उभं नको, तुम्ही विमानाच्या मागे, पोरंटोरं लांब. दोन-तीन मिनिटं फुल थ्रॉटल देऊन बंद करा आणि नट परत तपासा. लाकडी प्रॉप असेल तर हे नेहमीच करावं लागतं, पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे जुलैमध्ये आवळलेला नट एप्रिलमध्ये सैल निघू शकतो. विमान नाकावर पडलं असेल तर कोन वरून ठीक दिसला तरी खाचेजवळ अंगठ्याने दाबून बघा, कुर्रर्र आवाज आला की बदला. फिल्ड बॉक्समध्ये त्याच साइझचा एक जास्तीचा कोन, दोन-चार स्क्रू आणि बरोबर मापाचा पाना टाकून ठेवा.