बारावी सायन्स: ‘सिलॅबस कमी झालाय’ ऐकून या चुका करू नका

‘सर, सॉलिड स्टेट काढलंय ना?’ केमिस्ट्रीतल्या या धड्याबद्दल बारावीच्या वर्गात हमखास येणारा प्रश्न. काढलंय, पण २०२४ पासून नीट आणि जेईई मेनमधून. आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात तो पहिलाच धडा आहे आणि एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, बोर्डाच्याच अभ्यासक्रमावर निघते. एनसीईआरटीने (केंद्राची पुस्तकं काढणारी संस्था) धडे गाळले, त्यामागोमाग नीट-जेईईच्या अभ्यासक्रमाच्या याद्या बदलल्या. बालभारतीचं २०२० चं पुस्तक होतं तसंच राहिलं. यूट्यूबवर ‘डिलिटेड चॅप्टर्स’ सांगणारे कुठल्या परीक्षेचे ते सांगायला सोयीस्करपणे विसरतात. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसमोर बोर्ड, सीईटी, नीट असे तीन रकाने आखा आणि अधिकृत यादी पाहूनच खुणा करा.

सॉलिड स्टेटचा धडा आधीच सोडून दिला असेल तरी घाबरू नका, तो लवकर हाती लागतो. आधी युनिट सेलमधले (स्फटिकाच्या सर्वांत लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागातले) कण पाठ करा: सिंपल क्यूबिकमध्ये १, बीसीसीत (बॉडी-सेंटर्ड क्यूबिक) २, एफसीसीत (फेस-सेंटर्ड क्यूबिक) ४. मग पॅकिंग एफिशियन्सी, म्हणजे कणांनी व्यापलेली जागा, अनुक्रमे ५२.४, ६८ आणि ७४ टक्के. त्यानंतर घनतेची गणितं. उत्तर दहाच्या घातात चुकत असेल तर सूत्राला दोष देऊ नका, एकक बघा. युनिट सेलच्या कडेची लांबी पिकोमीटरमध्ये दिलेली असते; १ पिकोमीटर म्हणजे १०⁻¹⁰ सेंटिमीटर, आणि घन करताना तो घात -३० होतो. निम्मी मुलं इथेच घसरतात.

दुसरी गडबड जुन्या प्रश्नपत्रिकांची. नवं पुस्तक आलं २०२० मध्ये, २०२१ ची मुख्य परीक्षा रद्द झाली आणि २०२२ ची कोरोनामुळे २५ टक्के कपात केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. म्हणजे नव्या पुस्तकाच्या पूर्ण अभ्यासक्रमाचे पेपर २०२३ पासूनचे. ताईदादाच्या नोट्स आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरणारी ‘वगळलेल्या घटकांची’ पीडीएफ, दोन्हींवरचं साल आधी बघा.

अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका. सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीचा असतो, तोही ठरावीक धड्यांवर.

नीटवाल्यांसाठी एवढंच: यादी नुसती आटलेली नाही. केमिस्ट्रीत प्रॅक्टिकलवर आधारित वेगळा घटक आलाय, तेव्हा जर्नल कॉपी करून उरकू नका.