जंत पुन्हा पुन्हा होतात? या चुका टाळा

‘गोळी दिली होती, तरी जंत परत झाले.’ तपासणीचा नमुना देताना लोक हे सांगतात, तेव्हा मी विचारते, कोणते जंत? बहुतेकांना हा प्रश्नच विचित्र वाटतो. जंत म्हणजे जंत! पण माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या गोल जंतांच्या जाती वेगवेगळ्या आहेत. प्रत्येकाची शरीरात शिरायची वाट वेगळी, अंडी घालायची जागा वेगळी, वाढीला लागणारा वेळ वेगळा. हे न बघता सगळ्यांना एकच गोळी आणि एकच तपासणी लावली, की पुढच्या सगळ्या चुका ओघाने येतात.

खाज रात्रीची, तपासणी शौचाची

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे दिसणारे बारीक जंत आतड्यात अंडी घालतच नाहीत. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येते आणि तिथल्या कातडीवर अंडी चिकटवते. खाज सुटते ती त्यामुळे. शौचाच्या नमुन्यात ही अंडी क्वचितच सापडतात.

एका लहान मुलीची आई शौचाचा नमुना घेऊन वारंवार येत होती. रिपोर्ट दर वेळी स्वच्छ. मुलगी रात्री रडत उठायची, दिवसा वर्गात पेंगायची. घरच्यांनी तिचं गोड बंद केलं. रिपोर्टमध्ये काही नाही म्हटल्यावर ती नाटक करते असा समज झाला आणि तिला ओरडा बसू लागला. मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं. खाज रात्रीच येते का, एवढं कुणी विचारलं असतं तरी पुरलं असतं. आईला मी चिकटपट्टीची तपासणी समजावली. सकाळी उठल्याबरोबर, शौचाला जायच्या आणि अंग धुवायच्या आधी, पारदर्शक पट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवती दाबायची आणि तशीच काचपट्टीवर चिकटवून आणायची. पहिल्याच सकाळची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली अंड्यांनी भरलेली होती, एका बाजूने चपटी, ओळखायला सोपी. पहिल्या दिवशी काही मिळालं नाही, तर लागोपाठ तीन सकाळी पट्टी घ्यावी.

डॉक्टरांनी औषध दिलं, खाज थांबली आणि काही आठवड्यांनी परत आली. कारण घरात गोळी फक्त मुलीने घेतली होती. वडिलांचं म्हणणं, मला काही त्रास नाही, मी कशाला घेऊ? ही अंडी चार ते सहा तासांत संसर्गक्षम होतात, नखांत अडकतात, चादरीवर, कपड्यांवर दोन-तीन आठवडे तग धरतात. ज्याला खाज नाही त्याच्याही पोटात जंत असू शकतात. शिवाय औषध जंत मारतं, अंडी मारत नाही. म्हणून डॉक्टर दोन आठवड्यांनी दुसरा डोस सांगतात, आणि बरं वाटलं म्हणून तोच नेमका बुडवला जातो. पुढे त्या घरात सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घेतली, दुसरा डोसही घेतला, आणि प्रकरण मिटलं.

मी सांगते ते इतकंच: गोळी सगळ्यांना एकाच दिवशी, नखं बारीक कापलेली, सकाळी उठल्यावर आंघोळ, आतले कपडे रोज बदललेले, चादरी न झटकता गरम पाण्यात. घरभर जंतुनाशक शिंपडत बसू नका. तेवढी मेहनत दुसऱ्या डोसची तारीख भिंतीवर लिहून ठेवण्यात घाला.

एका नमुन्यावर निकाल

एकदा काही सापडलं नाही म्हणजे जंत नाहीत, असं नसतं. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या. नमुना ताजा आणा, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. नमुना दिवसभर उबेत राहिला तर अंकुशकृमीची (रक्त पिणाऱ्या हुकवर्मची) अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात, आणि त्या स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या दुसऱ्याच जंताच्या वाटू शकतात. डोळ्यांना दिसलेला जंत फेकून देऊ नका, डबीत घालून आणा. पुष्कळदा तो भाजीचा धागा निघतो, पण तेही कळलेलं बरं.

ताट-वाटी वेगळी करणं

मोठ्या गोल जंतासाठी, म्हणजे ॲस्कॅरिससाठी, जंत झालेल्याची ताट-वाटी वेगळी करून काही उपयोग नाही. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण ताज्या अंड्यांनी संसर्ग होत नाही. ती मातीत दोन-तीन आठवडे तरी मुरावी लागतात. लक्ष द्यायचं ते मातीच्या हातांकडे, न धुतलेल्या कच्च्या भाजीकडे आणि उघड्यावरच्या शौचाकडे.

याच जंताबाबत घाईही फार होते. अंडं गिळल्यावर त्यातली अळी आतड्यातून रक्तात, तिथून फुप्फुसात, मग घशात येते आणि पुन्हा गिळली जाते. १९२२मध्ये कोइनो या जपानी डॉक्टरांनी ॲस्कॅरिसची २००० अंडी स्वतः गिळली आणि पुढे त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या. जंत मोठा होऊन अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. तोवर शौच तपासून उपयोग नाही.

रक्त वाढवायचं, गळती तशीच

अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. लोक महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेतात आणि हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून गोळ्यांचा ब्रँड बदलतात. उलटही होतं: जंत मारले, पण लोह दिलंच नाही. दोन्ही लागतं. याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, तेव्हा नुसते हात धुऊन भागत नाही.

गोळीची वाटणी

अल्बेंडाझोल या जंतांच्या औषधाची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दोन भावंडांत अर्धी-अर्धी करू नका. दोन वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांइतकाच डोस लागतो. एक ते दोन वर्षांच्या बाळाला निम्मा, तोही डॉक्टरांना विचारून. लहानांना कुटून द्या, घशात अडकायला नको. गरोदरपणाचे पहिले तीन महिने ही गोळी नको. चाबूककृमी (व्हिपवर्म) या आतड्यातल्या आणखी एका जंतावर एक डोस फार कमी पडतो, बहुधा तीन दिवस द्यावा लागतो.

दात खाणं हे जंतांचं लक्षण मानून गोळी देऊ नका.

स्टेरॉइड सुरू करण्याआधी न सांगणं

इथे मात्र जिवाशी गाठ असते. स्ट्राँगिलॉइडिस माणसाच्या शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत राहतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-थायलंड रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांच्या शरीरात तो काही दशकांनंतरही सापडला. एरवी तो गप्प असतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली, की अळ्या बेसुमार वाढून फुप्फुसांत, मेंदूपर्यंत पसरतात. साध्या शौच तपासणीत तो सहज निसटतो. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी विनाकारण वाढलेल्या असतील, पूर्वी अनवाणी मातीत काम केलं असेल, तर स्टेरॉइडचा कोर्स घेण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. अल्बेंडाझोलच्या एका गोळीवर इथे विसंबू नका. यावर वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिन देतात.

पोट फुगलेलं असताना घरी गोळी

ॲस्कॅरिस ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. लहान मुलांत अनेक जंतांचा गुंता होऊन आतडं बंद पडू शकतं. पोट फुगलं, कळा येऊन उलट्या होतायत, शौच आणि वारा बंद झालाय, उलटीतून जंत पडलाय, अशा वेळी जंताची गोळी देऊन वाट बघू नका. तोंडाने काही न देता मुलाला थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि शेवटची गोळी कधी दिली होती ते तिथे सांगा.